गोपनीयता कोणाची? : मोहर्लीच्या दारातून एक वाचन

संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, 'सर्व हक्क राखीव' या ओळीच्या शेजारी, बारीक अक्षरांत दोन शब्द असतात : 'गोपनीयता धोरण'. त्यावर बोट ठेवले की पाच-दहा पानांचा मजकूर उघडतो. रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार, वीजबिल, जंगल सफारी, काहीही करायचे म्हटले तरी या मजकुराला होकार द्यावा लागतो. न वाचता मान्य केलेले एवढे गद्य मराठी माणसाच्या आयुष्यात पूर्वी कधी नव्हते. करारनामे, कुळकायद्याचे दाखले, सावकाराची खतपत्रे यांच्या भाषेचा आपल्याकडे थोडाफार विचार झाला. या नव्या खतपत्राकडे मात्र समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. मी कायद्याचा पदवीधर नाही. एक मजकूर म्हणून, शब्द आणि वाक्यरचना पाहत, तो वाचावा एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

वाचनासाठी ठिकाण निवडले आहे मोहर्ली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातले, इरई जलाशयाकाठचे हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार आहे. ते निवडण्याचे कारण वाघ हे नाही. इथे तिघांची माहिती गोळा होते : पर्यटकाची अर्जातून, गावकऱ्याची कॅमेऱ्यातून आणि वाघाची गळपट्ट्यातून. तिघांना लावलेला न्याय वेगवेगळा आहे. तो शेजारी शेजारी ठेवून पाहिला की 'गोपनीयता' हा शब्द आपण कोणासाठी वापरतो ते कळते.

१. दोन शब्दांचा इतिहास

'गोपनीय' हा शब्द 'गुप्' धातूवरून आलेला. राखणे आणि लपवणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. पण मराठी माणसाच्या कानावर तो आला सरकारी कारभारातून. मंत्री 'पद व गोपनीयतेची' शपथ घेतात, म्हणजे सरकारला माहीत असलेले लोकांना सांगणार नाही असे वचन देतात. कर्मचाऱ्याचा 'गोपनीय अहवाल' असतो. वर्षानुवर्षे हा अहवाल ज्याच्याविषयी लिहिला त्यालाच दाखवला जात नसे. वाईट शेरा असेल तरच कळवायचा अशी रीत होती. प्रत्येक शेरा कळवला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाला २००८ साली सांगावे लागले. या दोन्ही वापरांत जाणणारे कार्यालय असते आणि ज्याला कळू द्यायचे नाही तो सामान्य माणूस असतो.

आपल्याकडे दुसराही शब्द होता : 'खासगी'. अरबी 'खास' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मराठेशाहीच्या दफ्तरात स्थिरावला. राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न आणि खर्च म्हणजे 'खासगी'. राज्याचा हिशेब वेगळा. होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन खजिने होते आणि खासगी राणीच्या ताब्यात असे. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांमागे ही खासगी आहे. पुण्यातले खासगीवाले हे आडनावही याच दफ्तरातून आले. म्हणजे हा शब्द मुळात सत्तेला घातलेली मर्यादा सांगतो : इथपर्यंत राज्याचे, इथून पुढे माझे. फक्त तो 'मी' राजघराण्यातला असे. रयतेला खासगी नव्हती.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने जो निकाल दिला, त्याचा अर्थ मराठीत या शब्दाने नेमका सांगता येतो : आता प्रत्येकाला खासगी आहे. चौघा न्यायाधीशांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निर्णयाला चुकीचे ठरवले, त्या निर्णयाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. एका मराठी घराच्या दोन पिढ्यांत राज्य आणि व्यक्ती यांच्यातली रेघ अशी सरकली.

असे असताना संकेतस्थळांसाठी आपण उचलला तो 'गोपनीयता'. शब्दाबरोबर प्रश्नही बदलला. 'खासगी' म्हटले की विचारता येते : तू माझ्या हद्दीत कुठवर आलास आणि का? 'गोपनीयता' म्हटले की एवढेच उरते : माझे गुपित नीट ठेवशील ना? आणि यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो : लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला?

२. धोरणाचे व्याकरण

एखादे विशिष्ट धोरण बाजूला ठेवू आणि या गद्याचा साचा पाहू. सुरुवात बहुधा आदराने होते. आम्हाला आपल्या खासगीपणाची कदर आहे, अशा आशयाचे वाक्य येते. त्यातला 'आम्ही' ठळक असतो. पुढे माहिती घेण्याची वेळ आली की हा 'आम्ही' अंतर्धान पावतो आणि कर्मणी प्रयोग सुरू होतो : माहिती गोळा केली जाते, साठवली जाते, सामायिक केली जाऊ शकते. कोण करते? कर्ता नाही. मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग वाईट नाही, पण जबाबदारीच्या प्रत्येक वाक्यात कर्ता गळत असेल तर तो योगायोग मानता येत नाही.

दुसरी खूण म्हणजे 'शकतो' हे सहायक क्रियापद. देऊ शकतो, बदलू शकतो, वापरू शकतो. वाचकासाठी मात्र 'शकतो' नसतो. त्याच्यासाठी 'मानले जाईल' असते : वापर चालू ठेवल्यास मान्यता आहे असे मानले जाईल. तिसरी खूण 'इत्यादी'ची. नाव, वय, पत्ता, इत्यादी. सेवा सुधारणे, इत्यादी. विश्वासू भागीदार, इत्यादी. ज्या यादीच्या शेवटी इत्यादी येते तिला सीमा नसते, आणि सीमा हाच तर इथला विषय आहे.

मराठी अनुवादात आणखी एक गोष्ट घडते. मूळ इंग्रजीतली 'कुकी' मराठीत येऊनही खाऊच राहते आणि 'तृतीय पक्ष' वाचून निवडणूक आठवते. अनुवाद आहे, पण समजावण्यासाठी केलेला नाही. एका ओळीत सांगायचे तर हे गद्य वाचकाला वचन देते असे वाटते, प्रत्यक्षात ते वाचकाकडून परवानगी घेते.

३. प्रवेशद्वारावरची नोंद

आता मोहर्लीला येऊ. सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते. जिप्सीतल्या प्रत्येक पर्यटकाचे नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा प्रकार आणि त्याचा क्रमांक भरावा लागतो. प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र दाखवायचे, ते आरक्षणाशी जुळले की आत सोडतात. यामागे रास्त कारण आहे. जागा मर्यादित आणि मागणी प्रचंड. नावाची खातरजमा नसेल तर दलाल जागा अडवून चढ्या भावाने विकतील. जंगलात कोण गेले याची नोंद सुरक्षेसाठीही हवी. म्हणून 'ओळख विचारूच नये' असे म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न पुढचा आहे. त्या ओळखीची गरज किती वेळ असते? पर्यटक सकाळी आत जातो, काही तासांनी बाहेर येतो. पैसे परत करण्याचा किंवा तक्रारीचा काळ धरला तरी काही आठवडे. लेखापरीक्षणासाठी पावती, रक्कम आणि तारीख वर्षानुवर्षे लागेल, पण एखाद्या मुलीचे वय आणि तिच्या ओळखपत्राचा क्रमांक तेवढाच काळ कशाला? शिवाय या नोंदीत एकट्या नावाहून जास्त काही असते. कोण कोणाबरोबर, कोणत्या दिवशी घरापासून दूर होते, हे त्यात असते. एकेक रकाना निरुपद्रवी दिसतो. सगळे एकत्र आले की एका कुटुंबाचे चित्र तयार होते.

ही नोंद कोणाच्या हाती असते, याचे उत्तर ताडोबानेच दिले आहे. आरक्षणाचे काम चंद्रपूरच्या एका खासगी कंपनीकडे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या संचालकांविरुद्ध प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाची सुमारे १२ कोटी रुपयांची फसवणूक केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. पुढे आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. इथे महत्त्वाचे ते वेगळे. चर्चा झाली ती रुपयांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या काळात हजारो पर्यटकांची नावे, वये आणि ओळखक्रमांक त्याच व्यवस्थेतून गेले होते. पैशाचा हिशेब जुळवता येतो, थकबाकी वसूल करता येते. माहितीची प्रत निघाली तर मूळ जागचे काहीच कमी होत नाही, म्हणून ती चोरी लेखापरीक्षणात दिसत नाही. ठेकेदार बदलताना किल्ल्या, संगणक आणि शिल्लक रक्कम ताब्यात घेतात. जुन्या प्रती पुसल्या याचा पंचनामाही तितक्याच कडकपणे व्हायला हवा.

ओळखपत्र म्हटले की बहुतेकांच्या हाती आधार कार्ड येते. आधारचा आरंभ महाराष्ट्रातलाच : २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला कागद मिळावा, ही त्यामागची भूमिका होती. पुढे ज्याच्याकडे सगळे कागद आहेत त्याच्याकडेही तोच मागितला जाऊ लागला, लॉजपासून व्यायामशाळेपर्यंत. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांच्या वापराचे दार बरेच बंद केले, पण झेरॉक्सची सवय गेली नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने सूचना काढली की हॉटेल, चित्रपटगृह अशा विनापरवाना ठिकाणी आधारची प्रत देऊ नका, शेवटचे चार अंकच दिसणारे आधार वापरा. गैरसमज होईल या कारणाने दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. चार अंकांचे ते आधार मात्र आजही मिळते, आणि माणूस तोच आहे हे पाहायला सहसा तेवढे पुरते. बाकीचे आठ अंक न मागणे हे कोणत्याही धोरणातल्या आदराच्या वाक्यापेक्षा अधिक आदराचे आहे.

४. झाडावरचा डोळा

पर्यटकाला निदान एक चौकट दिसते, तीत टिचकी मारायची असते. मोहर्लीच्या आसपास राहणाऱ्या माणसाची माहितीही घेतली जाते, पण त्याच्यापुढे चौकट येत नाही.

वाघांची गणना कॅमेरा ट्रॅपने होते. झाडाला बांधलेली ही पेटी समोरून काही हलले की छायाचित्र घेते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि प्राण्यांची सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांतली वाघांची होती ७६,६५१. या कामाची नोंद गिनेस बुकात झाली. पण कॅमेऱ्याला वाघ आणि बाई यांतला फरक कळत नाही. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला जाणारी, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी, एरवी सरपण आणणारी बाई त्याच वाटेने जाते. घरी जिला एकांत नाही तिला तो जंगलात मिळतो. उघड्यावर जावे लागते ती जागाही तीच.

याचे काय होऊ शकते ते उत्तराखंडात दिसले. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी चौदा महिने राहून सुमारे २७० गावकऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ साली तिथे उघड्यावर बसलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र कॅमेरा ट्रॅपमध्ये आले आणि ते गावातल्या समाजमाध्यमांवर फिरवले गेले. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जंगलात जाताना बायका मोठ्याने गातात, बोलतात, त्याने जनावर बाजूला होते. कॅमेऱ्यांच्या धाकाने त्या गप्प झाल्या, अनोळखी वाटांनी जाऊ लागल्या, आणि जनावराशी अचानक गाठ पडण्याचा धोका वाढला. खासगीपणा ही खात्यापित्या माणसांची हौस आहे असे मानणाऱ्यांनी हे वाचावे. जंगलात त्याचा संबंध थेट जिवाशी आहे.

चंद्रपूर जिल्ह्याला या जोखमीची वेगळी ओळख करून द्यायला नको. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा ठिकाणी 'कॅमेरे काढा' ही मागणी बेजबाबदार ठरेल. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची आभासी भिंत उभारली आहे. वाघ गावाकडे वळला की ती इशारा देते. गावाला ती हवी आहे आणि का हवी हे समजायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. पण कॅमेरा हवा असणे आणि त्यात आलेल्या माणसाच्या छायाचित्रावरचा हक्क सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. माणसाची छायाचित्रे आधी वेगळी काढून पुसायची, ती पाहण्याचा अधिकार कोणाला ते लिहून ठेवायचे, कॅमेरा कुठे आहे ते गावातल्या बायकांना सांगायचे, एवढे नियम ग्रामसभेत वाचून दाखवता येतील. इथे धोरणाचे पान उघडणार नाही. गोंडी आणि माडिया घरांत ते बोलूनच सांगावे लागेल.

५. वाघाची काळजी

ज्याची माहिती खरोखर जपली जाते असा तिसरा रहिवासी म्हणजे वाघ. २०१३ साली पन्नाच्या एका वाघाच्या उपग्रह गळपट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यात येत होती ते उघडण्याचा प्रयत्न झाला. प्रयत्न पुण्याहून झाल्याचे दिसले आणि सुरक्षाव्यवस्थेने तो रोखला. वाघ कुठे आहे हे कळणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे, हे सगळ्यांना तत्काळ पटले. ताडोबात पर्यटकांच्या मोबाईलवर बंदी आली तिच्यामागेही वाघाच्या मागे धावणारी गर्दी टाळण्याचा विचार होता.

म्हणजे माहिती जपण्याचे तत्त्व वनखात्याला अपरिचित नाही. ठिकाण कळणे हाच धोका असतो, माहिती कामापुरत्याच माणसांना दाखवायची असते, हे सगळे वाघाच्या बाबतीत पाळले जाते. आणि तिथे कोणी म्हणत नाही की वाघाला लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला. तीच शिस्त नोंदवहीतल्या नावाला आणि कॅमेऱ्यातल्या बाईला लावा, एवढेच मागणे आहे.

६. कायदा आणि त्याची भाषा

११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम यातल्या काही गोष्टी मान्य करतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवणे भाग नसेल तर, ती पुसली पाहिजे. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

साहित्याच्या वाचकांनी दोन जागा विशेष पाहाव्यात. पहिली भाषेची. माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असला पाहिजे, असे कायदा सांगतो. मराठीसाठी ही मोठी संधी आहे. कर्ता असलेली, 'इत्यादी' नसलेली सूचना मराठीत लिहिणे हे आता लेखकांचेही काम आहे. पण त्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत आणि गोंडी त्यांत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी भाषा या हक्काच्या बाहेर राहते. संथाळी आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आत आल्या. म्हणजे वाट आहे.

दुसरी जागा जास्त अवघड. याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल असे दाखवावे लागे, आणि व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणणे पुरते. लोकहिताची सर्वसाधारण तरतूद ८(२) मध्ये उरली आहे, पण तिथवर पोचण्याचे ओझे मागणाऱ्यावर अधिक पडेल. उदाहरण कल्पून पाहा : एखाद्या अभयारण्यात शिफारशीवर कोणाला प्रवेश दिला याची यादी कोणी मागितली, तर ती नाकारायला आता सोपे झाले. सामान्य माणसाचे संरक्षण म्हणून आलेला शब्द पुन्हा कार्यालयाच्या संरक्षणाला धावला. शपथेतली जुनी 'गोपनीयता' नव्या पोशाखात परतली.

७. मागायचे काय?

म्हणून शब्दाचा आग्रह. 'गोपनीयता धोरण' हे नाव बदलून 'खासगीपणाचे धोरण' केले की सगळे सुधारेल असे नाही. पण नाव बदलले की मजकुराची कसोटी बदलते. मग पुढचे चार प्रश्न विचारता येतात आणि ते ताडोबाच्या आरक्षणाला, चंद्रपूरच्या दवाखान्याला, गावच्या पतसंस्थेला आणि हा अंक घरपोच पाठवण्यासाठी तुमचा पत्ता लिहून घेणाऱ्या संपादकांनाही सारखेच लागू आहेत. जे विचारले ते कोणत्या कामाला लागते? त्याहून कमी विचारून ते काम झाले असते का? ते कोणाकोणाच्या हाती जाते, नावानिशी? आणि कोणत्या दिवशी पुसले जाते?

या चार प्रश्नांची उत्तरे एका पानात, साध्या मराठीत लिहिता येतात. ज्याला ती लिहिता येत नाहीत त्याला भाषेची अडचण नसते. त्याने ठरवलेले नसते, किंवा ठरवलेले सांगायचे नसते. समीक्षक म्हणून आपण कथेतल्या अशा जागा ओळखतो. रोज होकार देत असलेल्या मजकुरातही त्या ओळखायला हरकत नाही.